आप्पांची डोक्याची बॅटरी – कामाच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

परवा रात्री जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून आजपासून लिहून ठेवतेय. या आठवड्यात आमच्याकडे लाईट रात्रीची आहे. आप्पा उसाला पाणी भरायला गेले होते, डोक्याला बाजारातली दीडशे रुपयाची बॅटरी, हातात फावडं. एका सरीचं भरलं म्हणून पुढचं दारं मोडायला (मातीचा बांध फोडून पाण्याची वाट उघडायला) वाकले आणि जिथे फावडं घालणार तिथेच, हातभर अंतरावर, घोणस वेटोळं करून बसलेली. ती फुत्कारली म्हणून कळलं, घोणशीचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहितीये, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा सलग येतो. आप्पा मागे सरले, पाटात बसकण मारली, वाचले. घरी येऊन चहा घेताना एवढंच म्हणाले, "मला पाचटाचा गोळा वाटला गं."

आता यात अंधाराचा दोष नाही. बॅटरी चार्ज होती, उजेड सरळ तिच्यावरच पडलेला होता, आप्पांची नजर पण तिथेच होती. उजेड असून दिसलं नाही. का नाही दिसलं हे मला शोधायचंय, डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स केलंय, रोज दुकानात दुसऱ्यांचे मोबाईल उघडते, मग घरच्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा का नाही बघायचा.

९ ऑक्टोबर

जुनी बॅटरी उघडली. आत एक १८६५० सेल, म्हणजे बोटापेक्षा जाड, परत चार्ज होणारा, वर क्षमता छापलीये ९९०० एमएएच. या साईजमध्ये चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास जातो, त्यामुळे ९९०० होऊच शकत नाही. लोड लावून मोजला तर ११०० पण पुरे भरले नाहीत. म्हणजे आप्पांची आठ तासांची पाळी आणि हा मोठ्या उजेडावर तीन तासात मान टाकणार, मग पहाटेचं सगळं काम मिणमिणत्या उजेडात. चार्जिंगला प्रोटेक्शन काहीच नाही, सरळ डायोड आणि रेझिस्टर, असला दिवा रात्रभर लाकडी कपाटावर चार्जिंगला लावतो आम्ही.

लेन्स एकदम टोकदार उजेड देते. लांबचं नारळाचं झाड दिसतं आणि पायाखाली ताटलीएवढा गोल. दुकानात गिऱ्हाईक बॅटरी घेताना समोरच्या भिंतीवर मारून बघतं, किती लांब जाते ते, त्यामुळे बनवणारे पण तसंच बनवतात. पाणी भरणाऱ्याचं काम मात्र पुढच्या चार पावलांत असतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजेला फावडं, विळे, आणि त्यांच्या शेजारी माझी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर पण ठेवला. आईने सगळ्यांना सारखंच हळदकुंकू लावलं.

सोनं द्यायला मामा आलेले. मामांनी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलं, त्यांना हा विषय काढला तर जेवण थंड होईपर्यंत बोलत होते. त्यांच्या काळात बॅटरीचा डबा कमरेच्या पट्ट्याला आणि तिथून जाड वायर पाठीवरून हेल्मेटवर, सगळं वजन कमरेला, डोक्यावर फक्त दिवा. त्याच्या आधी कुठे कार्बाइडचे दिवे, त्याच्याही आधी डेव्हीचा जाळीचा दिवा, तो १८१५ चा, तो हातात धरायचा. हात मोकळे झाले ते दिवा टोपीवर आल्यावर. पण मला सगळ्यात आवडली ती लॅम्प रूमची गोष्ट. प्रत्येकाचा दिवा नंबरचा, पाळी संपली की परत आपल्या जागेवर लावायचा. जागा रिकामी दिसली की माणूस अजून वर आलेला नाही, लगेच चौकशी सुरू. म्हणजे दिवा उजेडापुरता नव्हताच, हजेरी पण तोच द्यायचा.

ओसरीत खिळा ठोकायचा ठरवलंय. आप्पांच्या दिव्याची जागा ठरलेली पाहिजे.

१६ ऑक्टोबर, कोजागरी

आज चाचणी नव्हतीच करायची, एवढ्या चांदण्यात काय करणार. दूध आटवायला ठेवून मी सहज बांधावर गेले, सात वाजले असतील, चंद्र वर आलेला, पण अजून खालीच. आणि रान बघून मी तिथेच थांबले. चंद्राचा उजेड तो किती, पण सरीचा प्रत्येक वरंबा वेगळा, ढेकूळ न् ढेकूळ वेगळं, गुरांच्या खुराचे ठसे सुद्धा कळत होते कारण प्रत्येकाच्या एका अंगाला सावली होती. मग डोक्याची बॅटरी लावली तर उजेड पन्नास पटीने जास्त आणि रान सपाट! ठसे गायब. बंद केली की परत दिसतात, चालू केली की पुसले जातात, असं मी वेड्यासारखं दहावेळा केलं.

सापडलं. दिवा कपाळावर, डोळे त्याच्याखाली चार बोटांवर. दिव्यामुळे जी सावली पडते ती बरोब्बर वस्तूच्या मागे पडते, आणि डोळा दिव्याच्याच जागेवरून बघत असल्यामुळे त्याला ती सावली दिसतच नाही. सावली नाही तर उंचवटा नाही. घोणस मातकट तपकिरी, अंगावर पाचटासारखेच ठिपके, तिची ओळख पटायची ती फक्त तिच्या जाडीवरून, आणि जाडीच आपल्या दिव्याने खाल्ली.

घरी आले तर दूध उतू गेलेलं, आईची बोलणी खाल्ली, पण झोप छान लागली.

२० ऑक्टोबर

आज मोजून बघितलं. ठिबकची काळी १६ एमएमची नळी घेतली, हातभर तुकडा, त्याच्यावर मातीचा रंग आणि वर तपकिरी ठिपके मारले, वेटोळं करून तारेने बांधलं. दादाचा बारका ती पाटाच्या कडेला कुठेही ठेवणार, मला न सांगता, आणि आप्पांनी नेहमीसारखं चालत यायचं, दिसली की "ही बघ" म्हणायचं. बारक्याने हे काम इतक्या मनापासून केलं की दोनदा ती आम्हाला दिवसा सुद्धा सापडली नसती.

फक्त डोक्याचा दिवा: आप्पांना बहुतेक वेळा एक-दीड पावलावर आल्यावर दिसली, दोनदा ओलांडून पुढे गेले.
तोच दिवा कमरेला बांधून: तीन पावलं.
तोच दिवा गुडघ्याखाली गमबुटाला बांधून: चार-पाच पावलं, एकदाही चुकली नाही. लांबलचक काळी सावली पडते, नळी नाही दिसली तरी सावली दिसते.

दिवा तोच, सेल तोच, उजेड तेवढाच. फक्त जागा बदलली. मग प्रश्न असा की डोक्यावर ठेवायचाच कशाला?

२३ ऑक्टोबर

मध्येच एक वेगळा प्रयोग. दुकानात नोटा तपासायचा जांभळा एलईडी पडलेला, ३९५ नॅनोमीटरचा, तो घेऊन विहिरीजवळच्या दगडांच्या तालीवर गेले. विंचू या उजेडात हिरवट निळा चमकतो हे वाचलेलं, बघितलं नव्हतं. दुसऱ्याच दगडाच्या फटीत एक बोटभर विंचू, सगळा उजळलेला, नांगीच्या प्रत्येक पेऱ्यासकट, जसं काही आतून कोणी दिवा लावलाय. साध्या पांढऱ्या उजेडात तोच दगडाच्या रंगाचा.

आमच्याकडे लाल विंचवाची भीती आहेच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यापासून माणसं वाचायला लागली ही गोष्ट आजी पण सांगते. मोह झाला की हा एलईडी पण बसवावा. पण तो डोळ्याला चांगला नाही, घरात पोरं आहेत, आणि पाणी भरताना माणूस दगड उचकत नाही. दगड रचताना, सरपण काढताना लागेल, त्याचं वेगळं बनवेन. या दिव्यात नको.

३० ऑक्टोबर

डोक्यावर का ठेवायचा याचं उत्तर मोत्याने दिलं. कुत्रं अंगणाच्या पलीकडे, चाळीस पावलांवर बसलेलं. दिवा कपाळावर असताना त्याचे डोळे दोन हिरव्या ठिणग्यांसारखे चमकतात. तोच दिवा कमरेला आणला की ठिणग्या विझतात, नुसतं काहीतरी बसलंय एवढंच कळतं. गाय, मांजर, कोल्हा, बिबट्या, या सगळ्यांच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, तो उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. परत आलेला उजेड दिव्याकडे जातो, त्यामुळे बघणारा डोळा दिव्याला जितका चिकटून तितकी चमक जास्त.

जुन्नर तालुक्यात राहून हे सोडून देता येत नाही. ऊस म्हणजे बिबट्याचं घर, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, आमच्या वस्तीवरची शेळी दोन वर्षांपूर्वी नेली. उसाच्या कडेला लांबून दोन डोळे दिसले तर आप्पा तिकडे जाणार नाहीत, हे दिसायला दिवा कपाळावरच पाहिजे. आणि जमिनीवरचं दिसायला दिवा खालीच पाहिजे. एका दिव्याने दोन्ही होणार नाही. सापाच्या डोळ्यात तो आरसा नसतो, तो कधीच चमकून सांगणार नाही की मी इथे आहे. (बांधावर बारीक निळसर टिकल्या चमकतात ते कोळी असतात, आधी मला दव वाटायचं.)

आप्पांना सांगितलं दोन दिवे बांधायचे, एक डोक्याला एक गमबुटाला. आप्पा म्हणाले, "चिखलात पाय रुततो, तिथे तुझा दिवा काय राहतोय, आणि रोज कोण बांधत बसेल." बरोबर आहे त्यांचं. तूर्त डोक्याचा पूर्ण करते.

६ नोव्हेंबर

सर्किट ठरलं, दोनदा बदलून.

पहिलं केलं त्यात कमी उजेडासाठी एलईडी भराभर चालू बंद करायचा, सगळे तसंच करतात, स्वस्तात होतं. दोन गोष्टींनी ते बाद झालं. एक म्हणजे आप्पांचा रेडिओ. पाणी भरताना खिशात रेडिओ लागतोच, सोबत पण होते आणि आवाज केलेला जनावरासाठी पण बरा, आणि दिवा लावला की आकाशवाणीवर भुंगा बसल्यासारखी घरघर. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. गोठ्यात कडबा कुट्टीच्या मोटरच्या पुलीवर खडूची खूण केलेली होती, पट्टा बघायला, आणि माझ्या दिव्याच्या कमी उजेडात फिरत्या पुलीवर चार खुणा दिसल्या, हळूहळू मागे सरकणाऱ्या. मोटर पूर्ण वेगात आणि डोळ्याला वाटतंय पुली थांबत आलीये. लाईट गेलीये समजून एखाद्याने पट्ट्याला हात लावला तर? मी दिवा काढून ठेवला आणि परत डोक्याला लावला नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर बाजारातल्या जवळपास सगळ्या दिव्यांच्या कमी उजेडावर पट्टे दिसतात, कोणीही घरी बघू शकतो.

आता असं आहे. जास्त उजेडाला एएमसी७१३५, करंट एकसारखा ठेवणारी चिप, ३५० मिलीअँपिअर सलग, साधारण एक वॉट. कमी उजेडाला नुसता १० ओहमचा रेझिस्टर, सेल ३.७ वर असताना ९० च्या आसपास करंट. भुंगा नाही, चार खुणा नाहीत. रेझिस्टरवाला उजेड सेल उतरेल तसा हळूहळू कमी होतो, आणि मला तेच पाहिजे, माणसाला आधी कळलं पाहिजे की आता परत फिरायची वेळ झाली, एकदम अंधार नको. खरा २६०० चा सेल टाकला तर मोठ्या उजेडावर सात तास, छोट्यावर एका रात्रीपेक्षा कितीतरी जास्त.

चार्जिंगला टीपी४०५६ या चार्जिंग चिपचा प्रोटेक्शनवाला बोर्ड, त्यावरचा १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर काढून २.४ के टाकला म्हणजे अँपिअरऐवजी अर्धा अँपिअर, सेल गरम होत नाही. दादाच्या नव्या मोबाईलच्या चार्जरवर, ज्याला दोन्हीकडे टाइप-सी आहे, त्यावर दिवा चार्जच होईना. बोर्डावर सीसी पिनचे ५.१ के चे दोन रेझिस्टर दिलेलेच नव्हते, ते नसले की चार्जरला समजतच नाही पलीकडे कोणी आहे. केसाएवढ्या जागेत हाताने लावले, दोन तास गेले.

एलईडी पिवळसर घेतला. निळसर पांढऱ्यावर चिलटं तोंडावर येतात, श्वास घेताना नाकात जातात, पिवळ्यावर खूपच कमी.

१५ नोव्हेंबर

डबा. प्लॅस्टिकचे तयार डबे मागवले ते सगळे कचकड्याचे. शेवटी आप्पांच्या पाईप फिटिंगच्या पोत्यात हात घातला. पीव्हीसीचं ४० एमएमचं एंड कॅप, उन्हापाण्यात वर्षानुवर्ष पडून राहतं, पडलं तर फुटत नाही, आणि तालुक्यातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. पुढे अॅक्रिलिकची काच, मध्ये ठिबकच्या फिल्टरमधली रबरी रिंग. एलईडीच्या मागे ॲल्युमिनियमची पट्टी बाहेरपर्यंत आणली, नाहीतर पीव्हीसी उष्णता धरून ठेवतं आणि एलईडी आतल्या आत भाजतो.

पहिल्या नगाची काच फेविक्विकने चिकटवली आणि सकाळी बघते तर आतून पांढरी, धुकं बसल्यासारखी. त्याची वाफ कोंडली की असंच होतं. काच गेली, एलईडीवर पण थर. आता तीन स्क्रू आणि रिंग, चिकटवायचं काहीच नाही, म्हणजे उद्या सेल बदलायचा तर आप्पांना स्वतः उघडता येईल. स्प्रिंकलरखाली तासभर ठेवला, आत थेंब नाही.

सेलचा डबा कमरेला करून बघितला, मामांच्या खाणीसारखा. उसात वायर पाल्यात अडकते, मान ओढली जाते. खाणीत चालत असेल, उसात नाही. सेल डोक्याच्या मागे घेतला, ४५ ग्रॅम वजन मागे गेल्याने पुढचा दिवा कपाळावर घसरत नाही. मागच्या डब्यावर लाल एलईडी लावला, तो रानासाठी नाही तर रस्त्यासाठी. पहाटे घरी येताना कडेने चालायचं आणि मागून उसाच्या ट्रॉल्या, चालणारा माणूस ड्रायव्हरला दिसलाच पाहिजे.

२४ नोव्हेंबर

वहिनीने आज स्पष्ट सांगितलं आणि बरं झालं. शेवंती तोडायला बायका पहाटे चारला रानात असतात, त्या पण हेच दिवे वापरतात, आणि मी सगळी मापं आप्पांच्या टोपीवर घेतलेली. मागचा डबा बरोबर अंबाड्यावर येतो. पट्टा पदरावरून सरकतो, पदर खाली घेतला की कानाला काचतो. डोक्यावर पाटी घ्यायची तर दिवा काढून हातात धरायचा, मग पाटी कोण धरणार?

वहिनीच्या डोक्यावरच बसून मापं घेतली. मागचा डबा दोन बोटं वर सरकवता येईल असं केलं, वरून जाणारा पट्टा काढूनच टाकला म्हणजे चुंबळ बसते. इलॅस्टिक शिंप्याकडून रुंद घेतलं आणि आतून रबराच्या दोन बारीक रेघा शिवल्या, पदर सरकत नाही. धुवायला पट्टा सुटा निघतो. वहिनीला बटण एका बाजूला हवं होतं, ओल्या हातमोज्याने दाबता येईल एवढं मोठं. दिलं.

८ डिसेंबर

गहू पेरलाय, पहिलं पाणी झालं. खालच्या दिव्याचं अडलेलंच होतं. रात्री आप्पांबरोबर मी पण गेले, नुसती बघत बसले ते काय काय करतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी उठतात, फावड्याने दारं मोडतात, मागचं लावतात, मग फावडं मातीत रोवून त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहतात. चालताना फावडं पुढे टेकत चालतात. मी म्हणाले दिवा कुठे लावू हेच सुचत नाहीये आप्पा. त्यांनी वर न बघता सांगितलं, "दांड्याला बांध की. फावडं काय मी घरी ठेवून येतोय होय."

रात्रभर हातात असतं, सगळ्यात आधी तेच पुढे जातं, आणि रोवलं की दिवा जमिनीपासून वीतभर वर, आपोआप. मी सहा आठवडे आप्पांच्या अंगावर जागा शोधत होते.

१९ डिसेंबर

दांड्याचा दिवा तयार. तेच एंड कॅप, लेन्स काढून टाकली, उजेड पसरट. वर अर्धा कापलेला पाईप झाकणासारखा, नाहीतर उजेड डोळ्यात येतो. पाईपच्या क्लँपने बांधला, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, फावड्याचा दणका थेट दिव्याला बसू नये म्हणून. पहिल्या रात्रीच सेलची स्प्रिंग दणक्याने सुटली, आता सेलला टॅब सोल्डर करून मागे स्पंज दाबलाय.

बारक्याची नळी परत बाहेर काढली. डोक्याचा छोटा उजेड आणि दांड्याचा दिवा दोन्ही चालू, आप्पांना पाच-सहा पावलांवरून दिसली, प्रत्येक वेळी. शेवटच्या वेळी बारक्याने नळी पाचटात अर्धी पुरली होती तरी.

४ जानेवारी २०२५

दाट धुकं. डोक्याचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत, उजेड थेंबांवर आपटून सरळ डोळ्यात येतो. आप्पांनी स्वतःहून डोक्याचा बंद केला आणि दांड्याच्या दिव्यावर पूर्ण पाणी भरलं, पायापुरतं सगळं स्वच्छ दिसत होतं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

पाच जोड्या झाल्या. सेल धरून जोडीला सातशेच्या आत बसलं, त्यातले तीनशे सेलचेच, पण सेल मात्र मोजल्याशिवाय टाकणार नाही. एक जोडी आप्पांना, एक वहिनीला (तिला फावड्याऐवजी पाटीच्या कडेला अडकवायचा हूक करून दिला), तीन शेजारच्या वस्तीवर.

ओसरीत दोन खिळे आहेत. काल पहाटे पावणेचारला आई उठली, आप्पांचा खिळा रिकामा बघितला, लाईट तर तीनलाच गेलेली. तिने दादाला उठवलं, दादा रानात गेला. विहिरीवर स्टार्टरची वायर जळलेली, आप्पा डोक्याच्या दिव्यावर ती सोडवत बसलेले, मोबाईल चिखलात पडून बंद. दोघं मिळून आले. दिवा खिळ्याला अडकवल्यावर आई परत झोपायला गेली.

राहिलेलं: क्लँपचा स्क्रू गंजतोय, स्टीलचा टाकायचा. वस्तीवरच्या काकांचा पट्टा फेट्यावर बसत नाही, चार इंच वाढवायचा.